दहा सेकंदांची शांतता
उमरखेडच्या छोट्या रेडिओ केंद्रातल्या निवेदिका कांचन भगत उन्हाळी शिबिरात मुलांना मुलाखत घ्यायला शिकवत होत्या. शेवटच्या दिवशी थेट प्रसारण होतं. दहा वर्षांची सलोनी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रुखमाबाईंशी बोलत होती. अचानक तिनं प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला.

"तुमच्यासाठी कोन रांधते?"

रुखमाबाई गप्प झाल्या. पाच सेकंद, दहा सेकंद. प्रसारणात खंड पडला तर मुलांना पुन्हा माइक मिळणार नाही, असं केंद्रप्रमुखांनी बजावलं होतं. गाणं लावायला कांचनताईंनी बटणाकडे हात नेला. सलोनी मात्र शांतपणे थांबली होती.

"कोनीच नाही, बाई," रुखमाबाई म्हणाल्या. "मले हे आजवर कोनी विचारलंच नाही."

आणि त्या बोलतच राहिल्या. तावातावानं आलेले प्रमुख दारातच ऐकत उभे राहिले. कांचनताईंनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.