हिरवं बटण

एखाद्या खेळाडूने क्लब सोडण्याचा विषय निघाला की सर खिशातून शिट्टी काढत आणि रुमालाने पुसायला लागत. शिट्टी स्वच्छच असे. पुसून झाली की म्हणत, "पाहू ना. घाई काऊन?" तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, तो नाही म्हणत नाही, आणि हो तर मुळीच म्हणत नाही.

नालवाडीच्या मैदानावर ते पोरापोरींना फुटबॉल शिकवत. शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवलेली, त्यामुळे मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ अशी मारत की पोरं तिच्यावर पाय द्यायला बिचकत. मी क्लबचा सचिव, म्हणजे पत्रं लिहिणारा.

मग जिल्ह्यात खेळाडूंची नोंदणी ऑनलाइन झाली. संगणकासमोर समई लावून मान्यवरांनी तिचं उद्घाटन केलं. भाषणं संपेपर्यंत संगणक झोपी गेला होता. नियम सोपा होता. खेळाडूला दुसऱ्या क्लबात जायचं असेल तर जुन्या क्लबाने मोबाइलवर 'मुक्त' हे हिरवं बटण दाबायचं. अडकवून ठेवायला मात्र कुठलंच बटण लागत नसे. नुसतं बसून राहिलं की पुरे. क्लबचा मोबाइल सरांच्या खिशात असे, शिट्टीच्या शेजारी.

हिंगणीची एक मुलगी आमची गोलकीपर होती. नागपूरच्या एका क्लबाने तिला निवडलं. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ती चुकली की वर्ष गेलं. तिचे वडील हातातली कामं टाकून तीनदा एसटीने आले.

"सर, पोरीचं काय करता जी?"

"पाहू ना. घाई काऊन?"

"शनिवारलोकच मुदत हाय ना!"

सर शिट्टी पुसत.

मला कारण माहीत होतं. आधी त्यांचा एक लाडका खेळाडू असाच मोठ्या क्लबात गेला होता. तेव्हा सरांनी पाच मिनिटांत पत्रावर सही केली होती, वर पेढे वाटले होते. तो मुलगा तिथे वर्षभर बाकावर बसला, आणि परत आल्यावर मैदानाच्या रस्त्यानेही जाईना. तेव्हापासून शिट्टी फारच स्वच्छ राहू लागली.

शनिवारी दुपारी बाप-लेक माझ्या दारात उभे. सर घरी नव्हते, मोबाइल बंद. त्यांच्या बायकोने सांगितलं, "केळझरले गेले, गणपतीले. आजच आठवण झाली त्याइले." साडेतीन वाजले होते. वडिलांना ओट्यावर बसवलं, मुलीला मागे घेतलं आणि गाडी काढली. वाटभर ती एकच विचारत होती, "काका, किती वाजले?"

सर देवळाच्या पायऱ्यांवर बसले होते. आम्हाला पाहताच त्यांचा हात खिशात गेला.

"भाऊ, इथंबी आले तुम्ही?" मग मुलीकडे वळून म्हणाले, "तिथं दोन गोलकीपर हायेत. तुले बाकावर बसवलं तं?"

"बसीन."

"वर्षभर?"

"बसीन ना, सर. इथं मले कोणी बसवूनच नाई राह्यलं. चार गोल खाल्ले तरी उद्या मीच. मंग मले कसं समजन, मले येते का नाई?"

सर पुसत राहिले. मी घड्याळ पाहत राहिलो. चार चाळीस. अखेर त्यांनी मोबाइल सुरू केला, तर रेंज नाही. आम्ही तिघं हात वर करून आवारभर फिरलो. भाविकांना वाटलं, काही नवस असावा. बटण सरांनीच दाबलं. पाचला चार मिनिटं होती.

"येजो मधात-मधात," एवढंच तिला म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात सर वारले. त्यांची शिट्टी आणि क्लबचा मोबाइल त्यांच्या बायकोने माझ्या हातात ठेवला. बाकीची अठरा पोरं त्यात अडकलेली असणार. यादी उघडली. अठराही नावांपुढे 'मुक्त'. तारीख सर दवाखान्यात भरती झाले त्याच्या आदल्या दिवशीची. आता कुठे जायचं तर कोणालाच कोणाला विचारावं लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारलाच मी मैदानावर पोचलो. रेघ मारली, वाकडी आली. पोरं एरवी साडेपाचला येतात. पाच पस्तीस झाले, रस्त्यावर कोणी दिसेना.

माझ्या लक्षात आलं, मी सरांची शिट्टी रुमालाने पुसतो आहे.