माझ्यामागे आलेला कुत्रा

करंजेलाचा, म्हणजे करंजाच्या तेलाचा, कडू वास आला की थळचं सासर आठवतं. लग्नानंतर आठवड्याने माहेरचा कुत्रा माझा माग काढत तिथे पोचला, आणि घरभर पिसवा झाल्या. नणंदेच्या तान्ह्या बाळाचं अंग लाल झालं, तेव्हा मीच कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधली. सासूबाईंनी विचारलं, "कुठं नेतेस गो?" "माहेरी सोडते." "तो परत येल. त्यापरीस पिसवा घालव." त्यांनी त्याला समुद्रात बुचकळलं, अंगभर करंजेल चोळलं, गोधड्या उकळल्या आणि शेणात कडुनिंबाचा रस घालून मला सारवायला शेजारी बसवलं. सारवता सारवता म्हणाल्या, "तुझ्या मागं कुत्रा तरी आला. माझ्या मागं कुनीच न्हाय आलं." मी खाली बघून सारवत राहिले. आज वाटतं, तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं.