टॅन्सींच्या थडग्यातली जागा

आमच्या थेडीला गावात सगळे मठाचा किल्लीवाला म्हणतात आणि त्याला ते आवडतं. मला विचाराल तर किल्लीच त्याला वागवते. हातभर लांब, गंजलेली, चुलीशेजारी टांगलेली असते. दुपारी जेवायला बसलं की हमखास कुणीतरी दार वाजवणार, मठ बघायचाय म्हणणार, आणि हा ताटातला बटाटा तसाच टाकून उठणार. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत याच्याबरोबर मी जेवले कमी आणि याचं ताट झाकून ठेवलं जास्त.

मठ म्हणजे काळ्या झग्यातल्या साधूंचा. आमच्या गोठ्याला लागूनच आहे. छप्पर कधीच गेलं, भिंती आणि मनोरा तेवढा उभा. एक शेत सोडून पलीकडे किलवाराच्या संताचा गोल गडगा, म्हणजे दगडी कुंपणातली जागा, तो मठाहूनही सात-आठशे वर्षं जुना. आत दगडावर दगड रचून केलेली बुटकी प्रार्थनेची खोली आहे. आयर्लंडातल्या आमच्या या स्लायगो जिल्ह्यात अशा जागा पैशाला पासरी, गाई त्यांच्या भिंतींना पाठ खाजवतात. पण थेडी त्या साधूंबद्दल असा बोलतो, जणू कालपरवापर्यंत शेजारी राहत होते. तळ्यातले मासे वरिष्ठ साधू एकटाच कसा खायचा, स्वयंपाकी साधू कसा बिअर चोरायचा. पाहुणे खूश होऊन जातात. यातलं किती खरं ते त्या साधूंनाच ठाऊक.

जिवंत माणसांबद्दल मात्र त्याच्या तोंडाला कुलूप. त्यालाही कारण आहे. मठाच्या आत इथल्या जुन्या घराण्यांची थडगी आहेत, आणि कुठली फरशी कुणाची हे कुठल्याही कागदावर नाही. ते थेडीच्या डोक्यात आहे. त्याआधी त्याच्या बापाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ओनी ब्रेहनींच्या डोक्यात होतं. कुणी गेलं की शेजारी फावडी घेऊन येतात, थेडी जागा दाखवतो आणि पहिला घाव घालतो. सोमवारी काही झालं तरी खड्डा उघडायचा नाही. आणि खणणाऱ्याला आत जे दिसेल ते त्याने कुणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. जुनं थडगं उघडलं की काय काय वर येतं, त्यावरून घराघरांत भांडणं लागतात, म्हणून ही रीत. मी कधी तक्रार केली नाही. जेवताना हाडांच्या गोष्टी ऐकायची हौस कुणाला असते?

गेल्या वसंतात मात्र या रीतीपायी माझं डोकं फिरलं.

रस्त्यापलीकडे विनी टॅन्सी राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, जीभ अजून पोरीसारखी तिखट. तिचा नवरा लूक तळ्यावरच्या होड्या बांधायचा. तो जाऊन आठ वर्षं झाली, मठात पूर्वेच्या खिडकीखाली टॅन्सींच्या थडग्यात आहे. त्यांचं पहिलं मूल एकसष्ट साली झालं, मुलगा. डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडायच्या आतच गेला. त्या काळी असं मूल स्वर्गातही जात नाही न् नरकातही नाही, अधांतरी राहतं, असं सांगायचे. पवित्र जमिनीत त्याला जागा नसे. त्याला संताच्या गडग्यात उत्तरेच्या अंगाला पुरायचं, वर एक पांढरा दगड ठेवायचा. नाव नाही, प्रार्थना नाही. जायचं ते पुरुषांनी, उजाडता उजाडता. आईने नाही. लूकने पेटी मठाच्या फाटकाशी माझ्या सासऱ्यांच्या हातात दिली आणि तो पाठ फिरवून घरी आला.

कुठला दगड हे विनीने कधी विचारलं नाही, लूकने कधी सांगितलं नाही. अशीच होती हो आमची माणसं. पुढे तिने आपणच एक दगड धरला, गडग्याच्या कोपऱ्यातला लहानसा, आणि दर रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की त्याच्यावर फुलं ठेवू लागली. नंतर चर्चचे नियम बदलले. एका उन्हाळ्यात बिशप येऊन त्या जागेवर पाणी शिंपडून गेले. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या त्या दिवशी रडल्या. पण कुठला दगड कुणाचा, हे बिशपांना तरी काय माहीत?

तर त्या शुक्रवारी विनी आमच्या स्वयंपाकघरात आली. मी चहा ओतला, सोडा ब्रेड कापला.

"मंगळवारी गॉलवेच्या इस्पितळात माझं काळीज उघडतायत," ती म्हणाली. "झडप बदलणार. डुकराची घालतात म्हणे."

"अगं बाई, चालेल का तुला?" मी विचारलं.

"टॅन्सीबरोबर पन्नासवर वर्षं काढली, डुकराशीही जमवून घेईन." मग ती थेडीकडे वळली. "तुझ्याकडे काम आहे. मी मेले तर मला लूकजवळ ठेवायचं नाही. गडग्यात नवं दफन करू देत नाहीत, मी विचारून बघितलं. म्हणून जाळायला सांगितलंय. वकिलाकडे कागद केलाय. राख तू न्यायचीस, माझ्या दगडापाशी टाकायचीस. लूकला अख्खं टॅन्सी घराणं सोबतीला आहे. पोराला कोण आहे? शब्द दे मला."

थेडी कपात बघत बसला. कानाच्या पाळ्या लालभडक.

"तिकडे नको, विनी," तो म्हणाला.

"का नको?"

"नको एवढंच." आणि उठला. म्हणे कोंबड्या बघून येतो. आमच्याकडे तीन वर्षांत कोंबडी नाही.

विनीने ब्रेडला लोणी लावलं होतं, ते तसंच ठेवलं. "कधी नव्हे ते काही मागितलं होतं," म्हणाली, आणि काठी घेऊन गेली. तिला फाटकापर्यंत सोडताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी गोठ्यात गेले. थेडी रिकाम्या बादलीवर बसला होता.

"लाज नाही वाटत? म्हातारी ऑपरेशनला चाललीय. एक शब्द द्यायला काय जात होतं तुझं?"

"राख भलतीकडेच पडेल तिची."

"भलतीकडे म्हणजे?"

"मला सांगता येत नाही, अट्रा."

सेहेचाळीस वर्षं काय उगाच काढली याच्याबरोबर? "खड्ड्यात पाहिलंयस तू काहीतरी," मी म्हटलं. तो गप्प. "लूकच्या खड्ड्यात?" तो आणखी गप्प.

तेव्हा माझा तोल गेला. "थेडी ब्रेहनी, मेलेल्यांची गुपितं जप, खुशाल जप. त्यांना घाई नाही. ही बाई जिवंत आहे आणि मंगळवारनंतर असेल की नाही कुणास ठाऊक. मग कुणाला सांगणार आहेस, कावळ्यांना?"

त्या दिवशी तो जेवला नाही. शनिवारीही नुसता ताटाशी चाळा केला. मीही झाकून ठेवलं नाही, मांजराला घातलं.

रविवारी मिस्साहून आलो, तर कुणी दार न वाजवता याने किल्ली काढली. विनी पिवळ्या रानफुलांचा जुडगा घेऊन गडग्याकडे निघाली होती. हा रस्त्यात आडवा उभा राहिला.

"आज इकडून ये," म्हणाला. "अट्रा, तूही ये. मला एकट्याला जमायचं नाही."

पूर्वेच्या खिडकीखाली टॅन्सींच्या फरशीपाशी त्याने टोपी काढली आणि एका दमात बोलून टाकलं. लूकसाठी थडगं उघडलं तेव्हा शेजारी चहाला गेले होते, हा एकटाच आत होता. थडग्याच्या मधोमध जेमतेम हातभर जागेत काळी पडलेली माती होती. लाकूड उरलं नव्हतं. खिळे होते.

"कसले खिळे?" विनीने विचारलं.

"तांब्याचे. होडीचे. हिरवे पडलेले."

विनीने फुलं दुसऱ्या हातात घेतली. "किती?"

"बारा. मोजले आणि होते तसे परत ठेवले."

ती भिंतीच्या कठड्यावर बसली. मी धरायला गेले तर तिने हात झटकला. "मी खाटेवर पडले होते," ती म्हणाली. "खाली लूक पेटी ठोकत होता. मी मोजत होते. बारा झाले आणि ठोकणं थांबलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कधीच नाही."

मग तिने काठीचं टोक थेडीकडे केलं.

"तुझ्या बापाला फादरची भीती नव्हती?"

"भीती? फादर दिसले की टोपी हातात धरून कापायचा. तरी त्यानं पोराला त्याच्या माणसांत ठेवलं. मलासुद्धा बोलला नाही. मीही खड्डा बघूनच ओळखलं."

"आणि लूक?"

"त्याला काही माहीत नव्हतं. मी पोराला हलवलं नाही, विनी. खड्डा वाकडा घेतला. लोक हसले मला, थेडीला सरळ खणता येईना म्हणाले. पोर लूकच्या डाव्या हाताशी आहे."

मला रडू आवरेना. विनीचे डोळे मात्र कोरडे होते. ती उठली आणि काठीने थेडीच्या पोटरीवर एक सणसणीत ठेवून दिली.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आठ वर्षं माझ्यादेखत तोंड शिवून बसलास, गाढवा. मी पावसात, चिखलात तिकडे जात होते, आणि तू मेल्या फाटकावरून हात हलवत होतास."

"चुकलं," थेडी म्हणाला. "रीत आहे म्हणून गप्प बसलो. चुकलं माझं."

"मग तो दगड कुणाचा?"

"कुणाचा तरी. ते मला खरंच माहीत नाही."

विनी विचारात पडली. मग तिने जुडगा सोडला, अर्धी फुलं फरशीवर ठेवली आणि अर्धी माझ्या हातात दिली. "ही तिकडे नेऊन ठेव. इतकी वर्षं नेलीत, आता त्या लेकराची फुलं का बंद करायची?" आणि थेडीला तिने अगदी व्यवहारातलं विचारावं तसं विचारलं, "इथे जागा आहे का अजून?"

"आहे. एकाची. पोराच्या पलीकडे."

"म्हणजे तो मधे."

"मधे."

"पुरे," विनी म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. मोठमोठ्यानं रडली. कावळे मनोऱ्यावरून उडून गेले. रडून झाल्यावर तिला इतकी भूक लागली की आमच्या घरी येऊन तिने थेडीच्या वाट्याचं मटणही खाल्लं. थेडी समोर बसून नुसता बघत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा माणसासारखा दिसत होता.

मंगळवारी सगळं नीट पार पडलं. पुढच्या आठवड्यात ती परत आली ती आधी आमच्याकडेच. वकिलाचा कागद पर्समधून काढला, माझ्या चुलीचं झाकण उचललं आणि आत टाकला. मग खुर्ची ओढून चहाची वाट बघत बसली.

"डॉक्टर म्हणतो अजून दहा वर्षं सहज काढाल," ती म्हणाली. "मी म्हटलं काढीन. आता मेल्यावर मला तिकडे पोराला शोधत फिरायचं नाहीये."