मिसरी सोडायला गेले आणि रिकामी गोणी घेऊन आले

माझी नात पुढच्या सोमवारपासून सात दिवस नुसता भाज्यांचा रस पिणार आहे. चहा बंद, साखर बंद, पोळी बंद, सगळं एका झटक्यात. त्याला डिटॉक्स म्हणतात, असं तिने मला समजावलं. हा ब्लॉग तिनेच मला उघडून दिलाय, तेव्हा तिच्यावर टीका करताना थोडी लाज वाटते, पण थोडीच. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं ठणकेल आणि ती मला फोन करेल, हे मला आत्ताच माहीत आहे. कारण मी हेच बासष्ट सालच्या दिवाळीच्या सुटीत करून बसले आहे, यवतमाळहून निघून, दिग्रसच्या अलीकडे.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, यवतमाळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि दिवसातून चार वेळा मिसरी लावत होते. आजच्या वाचकांसाठी सांगते, मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. दात घासायला म्हणून बोटावर घ्यायची आणि घासून झालं तरी थुंकायची नाही. वर सात-आठ कप चहा. आमच्या घरी सगळ्या बायका लावायच्या, माहेरी आणि सासरीही. त्या दिवाळीच्या आधी गालाच्या आत एक पांढरा डाग दिसला. डॉक्टरांनी टॉर्च धरून पाहिला आणि विचारलं, आई कशाने गेली? मी म्हणाले, तोंडाच्या कॅन्सरने. आई चाळिसाव्या वर्षी गेली. शेवटचे चार महिने तिचं तोंड उघडत नव्हतं, मी चमच्याने दूध घालायची. डॉक्टरांनी टॉर्च बंद केला आणि म्हणाले, मिसरी आजच्या आज सोडा आणि डाग दर महिन्याला दाखवायला या.

घरी सांगितलं तर आमचे हे हसले. ते जिनिंगमध्ये कारकून होते, पैज लावायची भारी हौस. म्हणाले, "तिसऱ्या दिवशी वापस येशीन अन् पयले डबी शोधशीन." सासूबाई स्वतःच्या डबीतून चिमूट घेत म्हणाल्या की मिसरी सुटली म्हणणाऱ्या त्यांनी लय पाहिल्या आहेत, साऱ्या भिंतीमागे जाऊन लावतात. मला असा राग आला की काय सांगू. मी माझी पितळी डबी काठोकाठ भरली, झाकण सुतळीने बांधलं आणि सात गाठी मारल्या. ही डबी माझ्यासोबत येईल आणि अशीच बांधलेली परत येईल, असं दोघांना ऐकवलं. आमच्या हेडमास्तरांनी एका निसर्गोपचार केंद्राचा पत्ता दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले.

जायचं कसं, ते सांगते. यवतमाळहून दारव्ह्यापर्यंत छोट्या लाईनीची गाडी होती. ती इतकी निवांत चालायची की एका माणसाची टोपी उडाली, तर तो उतरला, टोपी झटकली आणि पुन्हा चढला. ती गाडी आता बंद आहे, तिची वाट पाहत बसू नका. दारव्ह्याला स्टेशनाबाहेर गरम भजी आणि उकळता चहा. मी भजी खाल्ली, चहाकडे पाठ करून. पुढे दिग्रसच्या एस.टी.त बसायचं आणि फाट्यावर उतरून कोसभर चालायचं. आज तिथवर डांबरी रस्ता आहे म्हणतात, आणि केंद्राच्या जागी कोणाचा तरी संत्र्याचा मळा.

केंद्र म्हणजे कडुनिंबाखाली चार टिनाच्या खोल्या, मातीची टाकी, एक विहीर आणि सहा रोगी. चालवणारे निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना एकच औषध ठाऊक होतं. सारं काही आजपासून बंद. तीन दिवस लिंबूपाणी, त्यात मीठही नाही, पोटावर ओल्या मातीची पट्टी, आणि पुढचं चौथ्या दिवशी बघू. मला ते पटलं, कारण मला झटपट जिंकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून डोळ्यांच्या मागे कोणीतरी खुंटी ठोकावी तसं डोकं दुखू लागलं. हात थरथरत होते. लिंबूपाणी पोटात ठरेना. गुरुजींना सांगितलं तर ते प्रसन्न झाले. म्हणाले, "विष निघतंय, बाई. जितका त्रास, तितकं विष." मी विचारलं, त्या कोपऱ्यातल्या काकांचं बारा दिवस निघतंय, त्यांना आता उठून आंघोळीलाही जाता येत नाही, ते कधी संपणार? हा प्रश्न त्यांना आवडला नाही. मी चिमूटभर मीठ मागितलं, तेही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी विहिरीजवळ मला घेरी आली. तिथल्या दोन रोगी बायकांनी खोलीत आणून निजवलं. शुद्धीवर आले तेव्हा डबी माझ्या हातात होती आणि सातपैकी दोन गाठी सुटलेल्या होत्या. त्या मीच सोडल्या होत्या आणि मला आठवत नव्हतं. मी घाबरले, आयुष्यात कधी घाबरले नव्हते इतकी. अशीच पडून राहिले तर संध्याकाळपर्यंत उरलेल्या पाचही सुटतील, हे मला कळलं. मी पिशवी भरली. गुरुजी फाटकाशी म्हणाले की अर्ध्यात जाणाऱ्याची सवय कधी सुटत नाही. मी म्हणाले, "गुरुजी, मी तुमचं केंद्र सोडून राह्यले. मिसरी सोडणं नाही सोडलं."

बोलले तोऱ्यात, पण फाट्यापर्यंत चार वेळा बसावं लागलं. फाट्यावर दोन बाजूंना बस मिळायची. एक दारव्ह्याकडे, म्हणजे घरी, आणि आमच्या ह्यांचा तिसरा दिवस खरा करायला. दुसरी दिग्रस-पुसदकडे, जिथे माझं कोणीच नव्हतं. दारव्ह्याची बस आधी आली. कंडक्टरने चढता का विचारलं. मी नाही म्हणाले आणि ती गेल्यावर बाभळीच्या बुंध्याशी ओकले.

तिथेच धानीबाई भेटल्या. डोक्यावर दह्याचं रिकामं मडकं, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची चोळी. जवळच्या तांड्यावरून बाजारात दही-ताक विकायला जायच्या आणि तेव्हा परत निघाल्या होत्या. माझ्याकडे बघून गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही. मग आमच्या बोलीत विचारलं, पोटात काय आहे? मी म्हणाले, तीन दिवसांचं लिंबूपाणी. त्यांनी लोट्यात उरलेलं ताक, कमरेच्या पिशवीतून मिठाचा खडा घालून, मला घोटघोट पाजलं. म्हणाल्या, "उपाशी जनावर बी रस्त्यावर सोडत नाही आमी. चाल."

तांडा अर्ध्या कोसावर होता. कुडाची घरं, मधे मोकळं अंगण, भोवती ज्वारी आणि वेचणीला आलेली पऱ्हाटी. धानीबाईंचे सासरे ऐंशीच्या पुढचे होते, सगळे त्यांना बापू म्हणत. आता घरची शेती होती, पण बापू पोरवयात आजोबांच्या मागे बैलांच्या लदेणीवर चाललेले. गाड्या-मोटारी नव्हत्या तेव्हा ह्यांचेच पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य मुलखातून मुलखात न्यायचे. बापू चिलीम ओढत माझी सारी हकीकत ऐकत बसले. मग बैलांबद्दल बोलू लागले. मला वाटलं, म्हातारं भरकटलं.

"लदेणीवरून आलेल्या बैलाची गोणी उतरवली," ते म्हणाले, "का तो उभा राहत नाही. पाठ थरथरते, चारा खात नाही, पडून राह्यते. नवा माणूस म्हणते बैल बिमार हाय, त्याचा चारा तोडा. तिथंच बैल मरते."

मी विचारलं, मग तुम्ही काय करायचे?

"रिकामी गोणी ठेवाव त्याच्या पाठीवर. त्याले वझ्याची सवय असते, बाई, वझ्याची भूक नसते. चारा जुनाच द्याव, त्यात मूठभर हिरवा. हिरवा एकदम देला तर फुगून मरते. मिठाचा खडा, पोटभर पाणी, अन् सावली. मंग एक दिस तो सोताच गोणी झटकते."

मी म्हणाले, बापू, मग तुम्ही ही चिलीम काहून नाही झटकत? धानीबाई पदरात तोंड घालून हसल्या. बापू शांतपणे म्हणाले की ते बैल नाहीत, तांड्याचे नाईक आहेत.

माझी रिकामी गोणी धानीबाईंनी बनवली. बाभळीची साल जाळून कोळसा केला, वस्त्रगाळ कुटला, त्यात थोडं मीठ. रंग काळा, बोटावर तशीच बसायची, फक्त तंबाखू नाही. (दातांच्या डॉक्टरांनो, रागावू नका, रोज घासायची ही वस्तू नव्हे.) चारही वेळा मिसरीच्या वेळेला मी ती लावायची आणि थुंकायची. चहा त्यांनी तोडला नाही. पहिल्या दिवशी तीन कप, दुसऱ्या दिवशी दोन, मग सकाळचा एक, तोही भाकर खाल्ल्यावर. ज्वारीच्या कण्यांची ताकातली आंबील, अंबाडीची भाजी, दुपारी मूठभर भिजवलेले हरभरे. तहान नसली तरी लोटाभर पाणी. आणि झोप, ती मात्र मागेल तितकी. डोकं दुखणं दुसऱ्या दिवशी थांबलं.

सगळं सरळ झालं असं समजू नका. तांड्यावरच्या चौथ्या दिवशी दुपारी बायका भरतकामाला बसल्या होत्या. पाहुणी म्हणून एकीने मायेने तळहातावर खरी मिसरी पुढे केली. तो भाजका वास आला आणि माझं बोट आपोआप उठलं. मी ते दुसऱ्या हाताने धरलं, उठले आणि सरळ पऱ्हाटीत शिरले. उन्हं उतरेपर्यंत कापूस वेचला. बोंडांच्या टोकांनी नखांजवळ रक्त आलं. वेचता वेचता मला आईचं बंद तोंड आठवलं आणि मी तिथे उभ्याउभ्या रडले. तिला कोणी रिकामी गोणी दिली नव्हती. परत आले तेव्हा हात थरथरत नव्हते. त्याच संध्याकाळी मी उरलेल्या पाच गाठी स्वतःच्या शुद्धीत सोडल्या, मिसरी उकिरड्यात ओतली, डबी राखेने घासली आणि तिच्यात बाभळीची पूड भरली.

सहाव्या दिवशी धानीबाईंनी मला फाट्यावर पोचवलं. दह्याचं भरलेलं मडकं डोक्यावर असूनही माझी पिशवी त्यांनीच धरली होती. काही द्यायला लागले तर रागावल्या. त्या तांड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उद्या तिथे कोणी डिटॉक्स मागायला जाऊ नये म्हणून.

काय उरलं, म्हणाल तर बरंच. डाग मी दर महिन्याला दाखवत राहिले. तो फिका व्हायला वर्ष लागलं, पुरता जायला आणखी एक. बाभळीची पूड लावावीशी वाटणं पुढच्या होळीच्या सुमारास आपोआप थांबलं. नातीला एवढंच सांगते, रस पी, पण भाकर सोडू नको, चहा एकेक कपाने उतरव, आणि त्रास झाला तर विष निघतंय म्हणून आनंद मानू नकोस, मला फोन कर.

पण मला जिंकल्यासारखं वाटलं ते घरी परतलेल्या संध्याकाळी. आमचे हे जिनिंगमधून आले नव्हते. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे. सुतळी नव्हती, एकही गाठ नव्हती. त्या हसल्या, हात पुढे करून डबी घेतली, उघडली, सवयीने चिमूट उचलली आणि लावली.

बोट तोंडातच थांबलं. मी बापूंची सारी गोष्ट सांगितली, बैलाची, गोणीची, पाच गाठींची. ऐकता ऐकता त्यांनी गालाच्या आत, उजव्या बाजूला, जिभेने काहीतरी चाचपलं. मला तोवर ठाऊक नव्हतं की त्यांनाही तिथे काही आहे.

मग त्यांनी स्वतःची डबी कमरेची काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "मले बी दे मग. रिकामी."