अनुसयेनं फुटपाथ बदलला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे चवळीच्या शेंगा मोडणं. अमेरिकेत, बॉथेलला, मुलाच्या घरी, दुपारी. माझी बायको अनुसया कुठलीही भाजी हातात घेतली की आधी वास घ्यायची. "नाक आहे तोवर फसायचं नाही," म्हणायची. त्या दिवशी वास घेऊन म्हणाली, "लिनबाईच्या परसातल्या. आजही दाराला पिशवी अडकवून गेली." मी शेंगा मोडत राहिलो.

लिनबाई म्हणजे आमच्याच रांगेत तिसऱ्या घरातली चिनी म्हातारी. आमच्यासारखीच मुलाकडे राहणारी. तिला इंग्रजी येत नाही, हिलाही येत नव्हतं. दोघी रोज फिरायला जायच्या. ती चिनीत बोलायची, ही मराठीत. एकदा मी मागून चाललो होतो. ही सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती आणि ती मान हलवत होती. घरी आल्यावर मी म्हटलं, "तिला काय कळलं?"

"सगळं. तिलाही सून आहे."

मी चौथी शिकलेला, जन्मभर कारखान्यात हेल्पर. टीव्हीवर अमेरिका आणि चीनचं चालायचं. कुणाची जहाजं कुठल्या समुद्रात घुसली, कुठल्या बेटावर कुणाचा डोळा. मी बघत बसायचो. ही विचारायची, "बेटावर राहतात त्यांना विचारलं का कुणी?" मी म्हणायचो, "गप बस, तुला त्यातलं काय कळतंय?" मला तरी कुठे कळत होतं.

मग आमच्या सुहासला कंपनीत सरकारी काम मिळायचं झालं. सॅटेलाइटचं काहीतरी. एका रविवारी तो म्हणाला, "आई, माझं बॅकग्राउंड चेक करणार आहेत. घरच्यांची चिनी लोकांशी ओळख असली तर प्रॉब्लेम होऊ शकतो. मला फॉर्मवर लिहावं लागेल."

"लिही की मग. लिनबाई, तिसरं घर, शेंगा देते."

"आई, मी सीरियसली सांगतोय."

"मग मी काय चेष्टा करतेय? गावात दोन पाटलांचं वाकडं होतं, म्हणून पाणवठ्यावर बायका बोलायच्या थांबल्या होत्या का रे?"

सुहास हसला. त्यानं विषय तिथंच सोडला असता. मी सोडला नाही. म्हणालो, "पोराच्या पोटावर पाय देऊ नको. उद्यापासून तिच्याशी बोलायचं नाही."

तिनं लिनबाईशी बोलणं सोडलं. एकटीच फिरायला जायची. लिनबाईचं घर आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायची, घर मागे पडलं की परत इकडे यायची. लिनबाई दारात उभी राहून हात करायची. नंतर नंतर हात करायची थांबली, पण शेंगांची पिशवी येत राहिली. अनुसया मला एकदाच म्हणाली, "तिला वाटत असेल, आपलंच काही चुकलं."

शेंगा मोडल्या त्याच संध्याकाळी चहा टाकते म्हणाली आणि ओट्यापाशी खाली बसली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा काही उरलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या बाकावर सुहास म्हणाला, "बाबा, फॉर्मवर मी लिनआंटींचं नाव लिहिलं होतं. दोन महिने झाले. कुणी काही विचारलंसुद्धा नाही."

"आईला सांगितलंस?"

"राहिलं."

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

सकाळी उठलो, बूट घातले आणि तिसऱ्या घराची बेल वाजवली. लिनबाईनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीमागे रस्त्यावर बघितलं, ही येतेय का ते. मी मराठीतच सांगितलं, "तुमचं काही चुकलं नव्हतं. मी तिला येऊ दिलं नाही."