पडद्यावरची पट्टी

आमच्या जुन्या प्लाझ्मा टीव्हीवर काहीही लावलं तरी खाली बातम्यांच्या पट्टीची फिकट सावली दिसते. बाबा दिवसभर तेच एक चॅनल लावून बसायचे, ती पडद्यात मुरली. ते गेल्यावर मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागचं झाकण उघडून पाहिलं. "आत बिघाड नाही. दिवसभर नुसता पांढरा पडदा चालू ठेवा, डाग जाईल."

सकाळपासून घरभर तो कोरा उजेड पसरलाय. बाबांचे कपडे देऊन झाले, आता हेही. माणूस कुठून कुठून पुसायचा? आई समोर बसून आहे. याच चॅनलवरून ती जन्मभर बाबांशी भांडली.

"आई, जेवायला चल."

"थांब गं. अजून थोडी दिसतेय."