जिजी जेवली का?

घरात नव्वदीच्या पुढचं एक माणूस असलं की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपसूक साठत जातात. आमच्याकडे जिजी आहे. जिजी म्हणजे माझी आजेसासू. तिचे किस्से मी भिशीत सांगते तेव्हा बायका पोट धरून हसतात. ते घडत होते तेव्हा मात्र मी उपाशी बसलेली असायचे.

*

मी पुण्याच्या कसबा पेठेतली. आमच्याकडे भूक लागली की जेवतात, इतकी साधी पद्धत. लग्न होऊन शहराबाहेर मांजरी गावात आले आणि दुसऱ्याच दिवशी कळलं, इथं भुकेला कुणी विचारत नाही. आधी पुरुष, मग पोरं. सासूच्या आधी सून जेवणार नाही. आणि माझ्या सासूबाईंची सासू, म्हणजे जिजी, घरातलं शेवटचं माणूस परत आल्याशिवाय ताटाला हात लावणार नाही.

त्या दिवशी सासरे फ्लॉवर घेऊन मंडईला गेले होते आणि येताना टेम्पो बंद पडला. ऊन कलायला लागलं तरी आम्ही तिघी ओळीनं भिंतीला टेकून बसलेल्या. न राहवून मी विचारलं, "जिजी, तुम्हाला भूक नाही का लागत?"

"लागती की," जिजी म्हणाली. "तिला काय कळतंय."

*

पुढं जिजीला मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गंमत संपली. एकदा नवरा जमिनीच्या मोजणीला गेला तो तिकडंच अडकला. दुपारी ओट्याशी बसलेली जिजी घामानं डबडबली. हाक मारली तर ओ देईना. सासूबाईंनी तिच्या तोंडात साखर कोंबली, मी रिक्षा शोधत रस्त्यावर पळाले. पायात चप्पल नाही हे मला दवाखान्यात गेल्यावर कळलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "साखर पुन्हा अशी उतरली तर या वयात त्या उठतील याची खात्री मी देत नाही. वेळेवर जेवण पाहिजे, बस." मग जिजीकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "आजी, वेळेवर जेवायचं बरं का."

"येळेवरच जेवते की."

"किती वाजता?"

"समदी आली की."

*

त्यानंतर आमच्या घरात एकमेकांना फोनवर 'कसा आहेस' कुणी विचारेना. 'कुठं पोचलास' एवढंच.

त्यात माझा मुलगा अनिकेत खराडीला नोकरीला लागला. सकाळची शिफ्ट, सुटणार तीनला, आणि ट्रॅफिकमधून घरी येणार देवाच्या मनात असेल तेव्हा. तो येईपर्यंत जिजी उपाशी, ती उपाशी म्हणून सासूबाई उपाशी, त्या उपाशी म्हणून मी. मी कसब्याची असून उपाशी, हे माहेरी सांगायचीसुद्धा सोय नव्हती.

शेवटी मी डोकं चालवलं. अनिकेतचे जुने बूट दारात ठेवले, त्याच्या खोलीत पंखा लावला, दार ओढून घेतलं. सासूबाईंनी जिजीला सांगितलं, "अनिकेत आला. जेवला आणि झोपला."

जिजीनं दाराकडं पाहिलं. "बुटं आली. पोरगं कुटंय?"

*

पायाच्या जखमेसाठी तिला ॲडमिट केलं होतं तेव्हाची गोष्ट. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, त्यांची लेक नसीम सोबतीला. नसीमचे रोजे चालू होते. जिजीनं जाहीर केलं, "ती जेवली की मी."

नसीमचा मला फोन. "ताई, लवकर या हो. या माझ्यासाठी थांबल्यात. यांना काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मी धापा टाकत पोचले तर ताट रिकामं. नसीमनं तिला सांगितलं होतं, "आजी, तुम्ही उपाशी राहिलात तर माझं रोज्यात मन लागणार नाही. माझ्यासाठी तरी खा."

घरी आल्यावर मी लगेच तेच केलं. चेहरा पाडला आणि म्हटलं, "जिजी, आज माझा उपास. तुम्ही जेवला नाहीत तर माझं मन नाही लागायचं."

"कसला उपास? सकाळी वडापाव खाल्लास की."

*

आणि मग अनिकेतला जर्मनीत नोकरी लागली. दोन वर्षांसाठी.

जिजीला सांगायचं कुणी? नवरा म्हणाला, "तू सांग, तू बोलकी आहेस." सासूबाई देवापुढं जाऊन बसल्या. मी रोज उद्यावर ढकलत राहिले. पोरगा लांब चालला म्हणून मला रडू यायला हवं होतं. पण डोळ्यांपुढं एकच यायचं, जिजी दाराकडं तोंड करून बसलीय आणि ताट गार होतंय. अनिकेतलाही तेच दिसत असणार. एकदा मला म्हणाला, "आई, नोकरी नको म्हणून कळवतो कंपनीला." तो खरंच कळवणार होता.

शेवटी जिजीनंच बॅग पाहिली.

"कुटं निघालास?"

"जर्मनीला, जिजी. नोकरी आहे."

"कवा येनार?"

अनिकेतनं माझ्याकडं पाहिलं. मी ओट्याकडं. "दोन वर्षांनी," तो म्हणाला.

जिजीनं बॅगेवरून हात फिरवला आणि आत गेली. त्या दिवशीही ती सगळ्यांच्या मागून जेवली.

तो निघायचा त्या दिवशी सकाळी सासूबाई भाकरी थापत होत्या. अजून कुणीच जेवलं नव्हतं. जिजी आली, ओट्याजवळ मांडी घालून बसली आणि म्हणाली, "वाढ."

"कुणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मला. पयली भाकरी दे. आन् दुदावरची साय."

जिजीला साय आवडते हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. माझा नवरा दारात उभा राहिला तो उभाच. अनिकेत तिच्यासमोर बॅगेवर बसला. जिजी एकेक घास सावकाश चावत होती आणि प्रत्येक घासाला त्याच्याकडं बघत होती. सासूबाईंची तव्यावरची दुसरी भाकरी करपली, ती कुणी उलटली नाही.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला.

"जिजी, कॅब आली गं," अनिकेत म्हणाला.

"थांबू दे तिला," जिजी म्हणाली. "मी जेवतीया."